नहरीच्या शहरात तांब्याभर पाणी

वेरूळ, अजिंठा, मकबरा यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे ते दिवस मी गाळतो. लिहायचंय ते छत्रपती संभाजीनगरच्या (आमच्या तोंडी अजून औरंगाबादच बसलंय) नहरींबद्दल, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणाऱ्या जुन्या कालव्यांबद्दल, आणि तेही भर उन्हात पायी हिंडलो म्हणून.

निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० साली खडकी (म्हणजे हेच शहर) वसवली आणि डोंगराकडचं पाणी जमिनीखालून गावात आणलं. मोटर नाही, वीज नाही, सगळा खेळ उताराचा. नळात कोंडलेली हवा बाहेर पडावी म्हणून वाटेत मनोरे बांधले. त्यानेच मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून उभारलेला भडकल दरवाजा बघायला थांबलो, तर हॉर्नच्या गोंगाटात मान वर करून कमान बघायचीही सोय नाही.

पाणचक्कीची नहर नंतरची, अठराव्या शतकातली. इथलं पाणी खापराच्या नळांतून येतं, भिंतीच्या पोटातून वर चढतं आणि वरून हौदात पडतं. त्याच पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं आणि बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यावर येणाऱ्यांसाठी पीठ निघायचं. हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत. त्या दालनाच्या गारव्यातून माझा पाय निघेना. बाहेर दुकानवाल्यांचा आग्रह मात्र अंगावर येतो.

महमूद दरवाज्यातून खाम नदी ओलांडून बेगमपुऱ्यात शिरलो तोवर बाटली रिकामी झाली होती. एका ओट्यावर मावशी लसूण सोलत बसल्या होत्या. दाराशी निळे ड्रम, ड्रमवर झाकण, झाकणावर दगड. नहरीच्या पाण्याचा जुना थत्ते हौद कुठे म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "आधी टेका. तोंड बघा केवढं लाल झालंय." माठातलं पाणी तांब्याभरून आलं. मी निम्मं पिऊन तांब्या खाली ठेवला. कुणाच्या घरचं पाणी किती प्यावं, याचा हिशेब आम्हा लातूरकरांच्या डोक्यात आपोआप सुरू होतो.

"संपवा की."

"नळ कधी येतो तुमच्याकडं?"

"आता शुक्रवारी. आला तर."

पैठणचा नाथसागर एवढ्या जवळ, तिथून पंपांनी उपसून पाणी आणायचं, आणि तरी बायकांनी वारावर लक्ष ठेवून जागायचं! चारशे वर्षांपूर्वीच्या उताराचं कौतुक करत आलेल्या मला याचा खरोखर संताप आला. मावशींना काही वाटलेलं दिसलं नाही. लसूण चालूच होता.

"गाव कोणतं?"

"लातूर."

"अगं बाई! तुमचं पाणी रेल्वेनं आलं होतं ना?"

"हो, २०१६ ला. मिरजेहून."

"मग तुम्ही कशाला लाजता? आणा ती बाटली इकडं."

नको नको म्हणालो. ऐकलं नाही. वर सुनेला हाक मारून चहाचं आधण ठेवायला लावलं.