खिडक्यांत कोणी दिसत नव्हतं

रविवार, रात्री उशिरा

'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या विज्ञानकथा मालिकेचा '३३' हा भाग आज चौथ्यांदा पाहिला. २००४ सालचा आहे. आधीच्या तिन्ही वेळा श्वास रोखून नुसता बघत राहिले होते, आज वही घेऊन बसले. ऑलिंपिक कॅरियर या प्रवासी जहाजावर गोळ्या झाडायचा हुकूम बरोबर होता का? आणि शत्रूला तो हुकूम निघायलाच हवा होता का? पहिल्या प्रश्नावर बरेच जण बोलतात. दुसऱ्याचा भुंगा मला कालपासून लागलाय.

प्रसंग थोडक्यात मांडून ठेवते. माणसांच्या बारा वसाहती सायलॉन या यंत्रमानवांनी बेचिराख केल्यात. उरलेली माणसं साठेक नागरी जहाजांत कोंबलेली, आणि राखणीला गॅलॅक्टिका ही एकच जुनी युद्धनौका. ताफा जंप करून, म्हणजे एका झटक्यात, अवकाशात दूर कुठेतरी निघतो, आणि बरोबर तेहतीस मिनिटांनी सायलॉन तिथे हजर होतात. पुन्हा जंप, पुन्हा तेहतीस मिनिटं. असं दोनशे सदतीस वेळा झालंय. मी गुणाकार करून पाहिला: ७,८२१ मिनिटं, म्हणजे १३० तास आणि वर एकवीस मिनिटं. साडेपाच दिवस त्या ताफ्यात कुणाच्या डोळ्याला डोळा नाही.

पुढच्या जंपला ऑलिंपिक कॅरियर हे प्रवासी जहाज मागे राहतं. त्यावर १,३४५ माणसं. आणि पहिल्यांदाच तेहतीस मिनिटं होऊन जातात, सायलॉन येत नाहीत. मग काही वेळानं ते जहाजच परत येतं, एकटं आणि धडधाकट.

इथे झोपायला हवं. उद्या लिहीन.

सोमवार

तेहतीसच का? भागात याचं उत्तर नाही, आणि ते दिलं नाही हे मला फार आवडतं.

आधी वाटलं, त्यांच्या यंत्रांना आपला माग काढून पोचायला तेवढा वेळ लागत असेल. असेलही. पण नुसतं संपवायचंच असतं तर नेमानं येणं ही चूक आहे. कधी दहा मिनिटांनी, कधी पन्नास मिनिटांनी आले असते तर चौथ्या-पाचव्या वेळीच ताफा गाफील सापडला असता. घड्याळ लावून येणारा शत्रू तुम्हाला तयारीची संधी देतो. मग ही संधी कशासाठी?

माझं मत असं की त्यांचं खरं हत्यार ते घड्याळच आहे. माणसाच्या झोपेचं एक पूर्ण चक्र साधारण नव्वद मिनिटांचं. तेहतीस मिनिटांत जहाज सावरायचं, विमानं आत घ्यायची, पुढच्या जंपचं गणित मांडायचं, आणि उरलेल्या वेळात डोळे मिटले तरी चक्राचा एक तुकडाच हाती लागतो. शिवाय वेळ ठरलेली असल्यानं अख्खं जहाज एकाच काट्याकडे बघत बसतं. हल्ला दोन मिनिटांचा, पण वाट बघणं एकतीस मिनिटांचं.

खऱ्या युद्धांतही हे झालंय. १९४२ मध्ये ग्वाडलकनालवर रात्री एखाददुसरं जपानी विमान घिरट्या घालत यायचं. बॉम्ब थोडेच पडायचे, पण खालच्या सैनिकांना रात्रभर खंदकात काढावी लागायची. त्याच वर्षी पूर्व आघाडीवर सोव्हिएत स्त्रियांची ५८८वी रेजिमेंट लाकूड आणि कापडाची पो-२ विमानं रात्रीच्या अंधारात इंजिन मंद करून जर्मन तळांवर तरंगत न्यायची. हेही नुकसान बॉम्बपुरतं नव्हतं, रोज रात्री शत्रूची झोप जायची.

सतत सतरा ते एकोणीस तास जागा असलेला माणूस काही चाचण्यांत रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकाच चुकतो, असं २०००मध्ये छापलेल्या एका अभ्यासात दिसलं होतं. हे सतरा-एकोणीस तासांचं झालं. इथे एकशे तीस.

मंगळवार

वैमानिकांना जागं ठेवायच्या गोळ्या देतात तो प्रसंग पुन्हा पाहिला. स्टारबक ही वैमानिक ती गोळी घ्यायला कुरकुरते. तिचं खरं होतं, आणि वरिष्ठांपुढे दुसरा मार्ग नव्हता हेही खरं. २००२ मध्ये अफगाणिस्तानात अमेरिकी एफ-१६ विमानानं सरावात असलेल्या कॅनडाच्या तुकडीवरच बॉम्ब टाकला, चार सैनिक गेले. चौकशीत बचाव पक्षानं अशाच गोळ्यांकडे बोट दाखवलं होतं. त्या गोळीनं डोळे उघडे राहतात, पण उघड्या डोळ्यांना दिसलेलं नीट पारखण्याची ताकद परत येते की नाही, हे कोण सांगणार?

बुधवार, पहाट

आज एक उपाय सुचला आणि चक्क उठून बसले.

ताफा साठेक जहाजांचा. समजा एकाच जहाजात काहीतरी पाणी मुरतंय आणि सायलॉन त्याचाच माग काढतायत. मग ताफ्याचे दोन भाग करायचे आणि दोन वेगळ्या ठिकाणी जंप करायचं. सायलॉन ज्या भागाच्या मागे येतील, त्याचे पुन्हा दोन भाग. साठाचे तीस, तिसाचे पंधरा, मग आठ, चार, दोन, एक. सहा फेऱ्यांत ते जहाज हाताशी येतं. दोनशे सदतीसपैकी फक्त सहा!

मग लगेच त्यातली भोकं दिसू लागली. युद्धनौका एकच. ती नसलेल्या भागावर सायलॉन आले तर हजारो माणसं काही मिनिटांत संपतील. युद्धनौकेचा कमांडर अ‍ॅडामा हा धोका कधीच पत्करणार नाही, मीही पत्करला नसता. पण नागरी जहाजं जंपसाठी आधीच सज्ज ठेवून, सायलॉन दिसले की त्याच क्षणी निघायचं, असं केलं असतं तर? एरवीही गॅलॅक्टिका पाठ राखते आणि ती जहाजं आधी निघतात. धोका आहे, पण दोनशे सदतीस वेळा घेतलेल्या धोक्यांची बेरीज यापेक्षा मोठी नाही का?

हे मला सुचलं ते सात तास झोपून उठल्यावर. बाबांच्या आजारपणात दर दोन तासांनी औषध द्यायचं होतं, मोबाइलवर गजर लावलेला. चौथ्या रात्री मी एकच औषध दोनदा काढून ठेवलं. भावानं पाहिलं म्हणून निभावलं. दिलेल्या औषधापुढे कागदावर खूण करायची, इतकी साधी गोष्ट मला त्या चार रात्रींत सुचली नव्हती. पाचव्या दिवशी दुपारी झोप झाल्यावर सुचली. म्हणून गॅलॅक्टिकावरच्या कुणालाही मी 'एवढं कसं कळलं नाही' असं म्हणणार नाही. ते कळू नये, हीच तर त्या तेहतीस मिनिटांची करामत.

गुरुवार

आता मुख्य प्रश्न.

परत आलेलं जहाज थांबायला सांगूनही थांबत नाही. त्याचे संदेश गॅलॅक्टिका आधीच जॅम करते, कारण त्याच्यावर भरवसा उरलेला नाही. पुढ्यात इशाऱ्याच्या गोळ्या झाडल्या जातात, तरी ते सरळ येत राहतं. कमांडरचा वैमानिक मुलगा ली अ‍ॅडामा जवळून विमान नेतो आणि सांगतो, खिडक्यांत कोणी दिसत नाही. मग जहाजावर अण्वस्त्र असल्याचं कळतं. अध्यक्षा रॉझलिन संमती देतात, आणि ली गोळ्या झाडतो.

शत्रूच्या बाजूनं हा डाव बघितला की अंगावर काटा येतो. जहाज गॅलॅक्टिकापर्यंत पोचलं तर युद्धनौका जाते. नाही पोचलं, तर माणसं आपल्याच माणसांना मारतात, तीही स्वतःच्या हुकमानं. दोन्ही दान सायलॉनांचीच. अण्वस्त्र लपवायची त्यांनी फारशी धडपड केलेली दिसत नाही, हे मला वारंवार खटकतं. त्यांना ते उघडकीला आलेलं चालणार होतं असं मला वाटतं. जहाज उडवल्यावर पाठलाग थांबतो, म्हणून आपण म्हणतो, बघा, माग त्याच जहाजाचा होता. पण त्यांना हवं ते मिळालं म्हणून ते थांबले, हेही तितकंच जुळतं. भाग या दोहोंत निवड करत नाही.

हुकूम देताना रॉझलिन आणि अ‍ॅडामा यांच्या हाती काय होतं? ते जहाज नसताना शत्रू आला नाही हा एक योगायोग, ते न थांबणं, आणि अण्वस्त्र. पहिल्या गोष्टीवर मी कुणालाही मारू दिलं नसतं. तिसरीवर दिलं असतं. हे लिहिताना हात अडखळतोय, पण माझं मत हेच आहे.

शुक्रवार

काल लिहिलेलं वाचलं, आणि जर्मनीतला एक निकाल आठवला. अपहरण झालेलं प्रवासी विमान हत्यारासारखं वापरलं जाणार असेल तर लष्कराला ते पाडता यावं, अशी तरतूद असलेला कायदा तिथे जानेवारी २००५ मध्ये आला. हा भाग अमेरिकेत दाखवला गेला तोही त्याच महिन्यात. १५ फेब्रुवारी २००६ रोजी जर्मनीच्या संविधान न्यायालयानं ती तरतूद रद्द केली. आत निरपराध प्रवासी असतील तर इतरांना वाचवण्यासाठी राज्यानं त्यांचा जीव घेणं म्हणजे त्यांना माणूस न मानता वस्तू मानणं, असं न्यायालयाचं म्हणणं. विमानात प्रवासी नसतील किंवा फक्त हल्लेखोरच असतील, तर गोष्ट वेगळी.

म्हणजे सगळं त्या खिडक्यांवर येऊन ठेपतं. जहाज रिकामं असेल तर तो नुसता एक क्षेपणास्त्रासारखा लोखंडाचा तुकडा. आत माणसं असतील तर माझं कालचं मत त्या न्यायालयात उभं राहणार नाही. त्यावर माझा एकच आक्षेप आहे: न्यायालयापुढे उरलेली मानवजात अर्ध्या लाखाच्या आत नव्हती. आक्षेप पुरेसा आहे का, ते ठरवता येत नाही.

खिडक्यांचं दृश्य थांबवून थांबवून पाहिलं. एका ठिकाणी आत काही हललंसं वाटलं. पुन्हा पाहिलं तर प्रकाश वाटला.

शेवटी अ‍ॅडामा मुलाला सांगतो की हुकूम माझा होता, जबाबदारी माझी. ली म्हणतो, चाप मी ओढला, ते माझं. दोघांपैकी कुणीही 'आत कोणी नव्हतंच' असं म्हणत नाही. रॉझलिनही म्हणत नाहीत. त्यांच्या फळ्यावर जिवंत माणसांचा आकडा असतो, भागाच्या सुरुवातीला ५०,२९८. ते जहाज रिकामंच होतं असं धरून त्या १,३४५ जणांना कुठेतरी जिवंत समजणं फार सोपं होतं. फळ्यावर त्यांना परत जागा मिळत नाही. एका जहाजावर मूल जन्मल्याची बातमी येते, तेव्हा रॉझलिन उठतात, आकडा पुसतात आणि एकानं वाढवून लिहितात: ४७,९७३.