तुम्ही विचारलंत म्हणून: आमची वकीलबाई फुटली होती का?

नाही. फुटली नव्हती.

एवढ्या उत्तरावर तुमचं भागत नाही, हे मला ठाऊक आहे. इंदूरला रामबागेतल्या मुंजीत, सकाळी पोह्याच्या गाडीवर, पुण्याच्या ताईच्या प्रत्येक फोनवर प्रश्न तोच. आईच्या केसमध्ये हॉस्पिटलची चूक इतकी ढळढळीत होती, तरी फक्त तीन लाखच कसे? आणि ‘नातेवाइकांनीही विलंब केला’ हे निकालात आलं कुठून? आपल्याच तक्रारीतून, नवव्या परिच्छेदातून. तो आपल्याच वकिलानं लिहिला. मग पैसे खाल्ल्याशिवाय कोणी असं करेल का?

आधी पैशाचंच बोलू. तिनं माझ्याकडून पंचवीस हजार घेतले, तेही चार हप्त्यांत. भाऊजी म्हणाले होते, टक्क्यांवर ठरव म्हणजे जीव तोडून लढेल. तिनं सरळ सांगितलं, निकालाच्या रकमेत वाटा घेणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. मला तर पन्नास लाख मागायचे होते. पण 2019 साली जिल्हा ग्राहक फोरमची मर्यादा वीस लाखांची, त्यावर गेलं की भोपाळचा राज्य आयोग. म्हणून अठरा. (पुढच्या वर्षी नवा कायदा लागू झाला आणि फोरमचा आयोग झाला. खोली तीच, पंखाही तोच.)

सर्जनला तिनं ‘सोडलं’, हा दुसरा आरोप. पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पित्तनलिकेला इजा होऊ शकते, निष्णात माणसाच्या हातूनही. नुसता परिणाम वाईट झाला म्हणून हलगर्जी सिद्ध होत नाही, सुप्रीम कोर्टाच्या 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालापासून हे डॉक्टरांच्या बाजूनं पक्कं आहे. मी तीन सर्जनांना भेटलो. तिघांनी चहा पाजून मान हलवली, लिहून द्यायला एकही तयार नाही. बाई म्हणाली, नलिका कापली गेली यावर आपण हरू. कापली गेल्याचं तीन दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही, यावर उभं राहू. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. आजही निम्मंच पटतं.

आता नववा परिच्छेद.

जेल रोडवर मोबाइलच्या दुकानांच्या वर तिचं ऑफिस. दुपारची वेळ, खालून कुठल्या तरी स्पीकरची चाचणी चाललेली. तिनं हॉस्पिटलची फाइल टेबलावर उघडली. ही फाइल मागितल्यापासून बहात्तर तासांत द्यायची असते, आम्हाला पाच महिने लागले होते. स्टीलची पट्टी ती एकेका ओळीखाली ठेवत होती. ऑपरेशननंतरची तिसरी रात्र. नाडी दहा वाजता 96, बारा वाजता 112, दोन वाजता 118, सहा वाजता 128. शेजारच्या रकान्यात प्रत्येक वेळी ‘पेशंट कम्फर्टेबल’. मला आनंद झाला होता, कबूल करतो. म्हटलं, सापडले.

पट्टी पुढच्या पानावर गेली. रात्री एक वाजता आरएमओची, म्हणजे ड्यूटीवरच्या डॉक्टरची नोंद: सीटी ॲब्डोमेन ॲडव्हाइज्ड, अटेंडंट नॉट विलिंग. म्हणजे पोटाचं सीटी स्कॅन सुचवलं, नातेवाईक तयार नाही. खाली सही.

‘काका, ही तुमची ना?’

मी नाही म्हणालो. लगेच म्हणालो. तिनं काही न बोलता माझा वकालतनामा, म्हणजे वकीलपत्र, काढून शेजारी ठेवला. सहीखाली दोन ठिपके द्यायची सवय मला शाळेपासून आहे. दोन्हीकडे दोन दोन ठिपके.

मग आठवलं. म्हणजे विसरलो कधीच नव्हतो. पंचविशीचा पोरगा दारात उभा राहून म्हणाला होता, ‘अंकल, सीटी के लिए बाहर ले जाना पड़ेगा. अभी चलेंगे या सुबह?’ मी म्हणालो, ‘सुबह देखते हैं.’ त्यानं कागद पुढे केला, मी सही केली. आईला नुकता डोळा लागला होता, असं मी सगळ्यांना सांगत आलो. लागला होता, खरंच. पण झोप मलाही आली होती.

सकाळी पोट फळीसारखं झालं होतं. दुसऱ्या हॉस्पिटलात नेलं, पुन्हा पोट उघडलं. सतराव्या दिवशी आई गेली.

मी बाईला म्हणालो, ही ओळ आपण लिहायची नाही. चांगला अर्धा तास भांडलो. ती म्हणाली, ‘फाइल त्यांच्याकडेही आहे. त्यांनी आधी दाखवलं तर तुमचं बाकीचं कोणी वाचणारसुद्धा नाही.’ तिनं ते लिहिलं, पण कसं तेही बघा: स्कॅन कशासाठी हवा, नाडी कितीवर गेली आहे, थांबलं तर काय होईल, यातलं मुलाला, म्हणजे मला, काही सांगितलं नाही. समीरा कोहली प्रकरणात 2008 साली सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की पुरेशी माहिती न देता घेतलेली संमती ही संमती नव्हे. मग नकाराचंही तसंच, असा तिचा मुद्दा. समोरच्या वकिलानं एवढंच विचारलं की तक्रारदार काय करतात. बँकेत होते, बत्तीस वर्षं. काउंटरवर लोकांना ‘वाचून सही करा’ म्हणण्यात माझी हयात गेली, हे त्याला माहीत नव्हतं. मला होतं.

आयोगानं दोन्ही धरलं. हॉस्पिटलनं नाडी चढताना बघितली नाही, आणि तुम्ही थांबलात. तीन लाख.

ती ओळ नसती तर जास्त मिळाले असते का? कधी वाटतं, हो. बाईनं जरा जास्तच प्रामाणिकपणा केला, तोही माझ्या खर्चानं. कधी वाटतं, ती ओळ नसती तर भर सुनावणीत मी पुन्हा ‘नाही, माझी नाही’ म्हणालो असतो. ताई म्हणते, एक वाजता झोपेतल्या माणसाची सही ही काय सही आहे? हे ती माझ्या बाजूनं म्हणते. मला ते ऐकवत नाही.

आणि अपील का केलं नाही, हेही विचारता. बाई तयार होती. भोपाळसाठी नवा वकालतनामा तिनं टाइप करून ठेवला होता, पेनही पुढे केलं. मी म्हणालो, घरी नेऊन वाचतो.

मुदत संपली तेव्हा तो टीव्हीखालच्या खणातच होता.