पिन निघाली, पण गाडी सोलो झाली नाही

साइडकार रोज काढता-लावता आली पाहिजे, अशी अट घालणारं गिऱ्हाईक क्वचितच येतं. एकदा बसवली की बहुतेकांची गाडी कायमची तीनचाकी होते. या मुलाची अडचण मात्र खरी होती. घरात गाडी एकच. वडिलांच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं, मागच्या सीटवर टांग टाकून बसणं बंद, आणि आठवड्यातून दोन-तीनदा त्यांना फिजिओथेरपीला न्यायचं. बाकीच्या दिवशी ऑफिसला जाताना गर्दीतून ते धूड कशाला वागवायचं?

“दादा, दहा मिनिटांत निघायला हवी,” तो म्हणाला.

“निघेल. लावायला थोडा जास्त वेळ धर.”

हल्लीच्या गाड्यांच्या फ्रेमला साइडकारसाठी कान नसतात. इंजिन ज्या बोल्टांवर बसलेलं असतं त्या जागा धरून पाइपची वेगळी सबफ्रेम करावी लागते. मूळ फ्रेमला मी वेल्डिंग लावत नाही. आणि एकाच पाइपला क्लॅम्प आवळून साइडकार लटकवणारे जे असतात, त्यांच्याबद्दल न बोललेलंच बरं. जोड चार असतात. खालचे दोन वजन घेतात, वरचे दोन दांडे गाडी किती कलून उभी राहणार ते ठरवतात. त्याच्या गाडीला चारही ठिकाणी जाड पिन आणि पिनेला क्लिप दिली. वरच्या दांड्यांना आटे असतात. दांडा फिरवला की लांबी बदलते, मनासारखी झाली की चेकनट, म्हणजे दांडा फिरू नये म्हणून लावलेला दुसरा नट, आवळायचा. सगळं बसलं की चेकनटावरून खाली आट्यांपर्यंत मी पिवळ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवतो. नट हलला तर रेघ तुटते.

साइडकारच्या चाकाला ब्रेक दिला नाही. तो हायड्रॉलिक दिला असता तर रोज नळी सोडायची आणि रोज ब्रेकच्या तेलात शिरलेली हवा काढत बसायची. पण त्याची किंमत मोजावी लागते. साइडकार डावीकडे असेल तर रेस दिल्यावर ती मागे रेंगाळते आणि गाडी डावीकडे वळू बघते. ब्रेक मारला की ती पुढे पळू बघते आणि गाडी उजवीकडे जाते. चार दिवसांत हाताला सवय होते. दिव्यांच्या वायरीला प्लग दिला आणि अर्थिंगची वायर वेगळी ओढली. पिनेतून अर्थ मिळेल असं धरून चालणाऱ्यांचे इंडिकेटर ग्रीस लागलं की डोळे मिचकावायचे थांबतात.

महिनाभराने तो वडिलांना साइडकारमध्ये बसवूनच सकाळी दारात हजर. गाडी डावीकडे खेचते, हात भरून येतात, ही तक्रार.

“मी म्हटलं, हवा बघ आधी,” काका साइडकारमधूनच म्हणाले. “हवा भरली. फरक शून्य.”

मी खाली वाकलो. मागच्या दांड्यावरची पिवळी रेघ दोन तुकड्यांत. एक तुकडा नटाच्या डोक्यावर, दुसरा आट्यांवर पार पलीकडे फिरलेला, आणि मधल्या आट्यांवर पान्याने घासून निघालेली चकाकी. पुढच्या दांड्याची तीच गत.

“नट कोणी फिरवला?”

तो गप्प. काकांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “मीच सांगतो. पिन निघत नव्हती.”

चूक त्याची होती, पण तिच्यात तर्क होता. गाडी आणि साइडकार जमिनीवर उभ्या असताना दोन्हीकडचा ताण पिनेवर येतो. हातोडीनेही ती हलत नाही. याने चेकनट सोडला, दांडा थोडा फिरवला, पिन सुळकन बाहेर. संध्याकाळी लावताना भोकं जुळेनात, तेव्हा पुन्हा दांडा फिरवला. रोज थोडं इकडे, थोडं तिकडे. भोकं जुळली म्हणजे माप जुळलं, असा त्याचा समज.

गाडी सपाट फरशीवर घेतली, त्याला सीटवर आणि काकांना साइडकारमध्ये बसवलं, कारण रिकाम्या गाडीवर घेतलेलं माप रस्त्यावर टिकत नाही. मागच्या टायरच्या वरच्या कडेवरून ओळंबा सोडला. गाडी साइडकारपासून लांब, म्हणजे उजवीकडे, एक ते दोन अंश कललेली हवी. रस्ता डाव्या कडेला उतरता असतो, तो गाडीला तिकडेच ओढत असतो. त्याला तोड म्हणून हा कल. ओळंब्याची दोरी वेगळंच सांगत होती. टायरची वरची कड खालच्या कडेपेक्षा डावीकडे गेली होती, म्हणजे गाडी साइडकारच्या अंगावर रेलली होती. हात भरून येणार नाहीत तर काय!

मग दोन लांब सरळ पाइप जमिनीलगत ठेवले, एक गाडीच्या चाकांना लागून, एक साइडकारच्या चाकाला. पुढचा टायर अरुंद असल्याने त्याच्याशी दोन्ही बाजूंना सारखी फट पडेल असा पाइप धरावा लागतो, नाहीतर सगळं माप वाया. दोन पाइपांमधलं अंतर मागच्यापेक्षा पुढे साधारण १५ मिलिमीटर कमी हवं. ते जागेवर होतं. खालच्या जोडांचे नट त्याने सोडले नव्हते म्हणून वाचलो, नाहीतर अख्खा दिवस गेला असता.

दांडे अर्धा-अर्धा फेरा फिरवत ओळंबा पुन्हा पुन्हा बघायचा, एवढंच काम उरलं. दोन्ही दांडे सारखेच ताणलेले हवेत, एक घट्ट आणि एक सैल राहिला की पिना लवकर झिजतात. नट आवळले, नव्या रेघा ओढल्या. या वेळी लाल.

मग त्याच्या हातात जॅक दिला. गाडी मेन स्टँडवर, जॅक साइडकारच्या फ्रेमखाली आतल्या बाजूला, आणि पिन बोटांनी गरगर फिरेपर्यंत हळूहळू उचल. पिन फिरली नाही तर जॅक वर-खाली कर, दांड्याकडे बघूही नकोस. आधी प्लग, मग वरच्या पिना, मग खालच्या. पहिल्यांदाच केलं तरी पंधरा मिनिटांच्या आत साइडकार बाजूला.

“आता एक चक्कर मारून ये,” मी म्हणालो. “थांबताना पाय टाक.”

हसला. आवारातच फेरी मारून माझ्यासमोर येऊन थांबला, दोन्ही पाय फूटरेस्टवर. क्षणभर गाडी उभी राहिली, मग उजवीकडे झुकायला लागली. माझ्या हेल्परने हँडल धरलं म्हणून निभावलं. इतके दिवस ऑफिसला कसा जात होतास, विचारलं. तेव्हा कबुली आली: काढणं इतकं वैतागाचं व्हायचं की गेले दोन आठवडे तो साइडकारसकटच ऑफिसला जात होता.

वळणावरही तो चाचपडला. साइडकार लावली की जिकडे जायचं तिकडे हँडल वळवायचं. सोलो, म्हणजे बिनसाइडकारची, गाडी वेगात असली की डावीकडे वळायला डावं हँडल किंचित पुढे दाबावं लागतं. डोक्याला हे माहीत नसलं तरी हाताला असतं, आणि हात दोन आठवड्यांत विसरतात.

गाडीही विसरते. मागच्या शॉकअपची स्प्रिंग साइडकारसाठी कडक केलेली, ती सोलोला दोन खाचा मागे घ्यावी लागते. हँडलची थरथर दाबणारा डॅम्पर सैल करावा लागतो. कारखानेही हे जाणून होते. १९५५ ते १९६९ दरम्यानच्या बीएमडब्ल्यूच्या अर्ल्स फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या सांगाड्याला, चाकाचा झुलता आर्म बसवायला दोन जागा असत, एक सोलोसाठी आणि एक साइडकारसाठी, म्हणजे ट्रेल, हँडल ज्या रेषेवर फिरतं तिच्यामागे पुढचं चाक जमिनीला किती अंतरावर टेकतं ते, कमी-जास्त करता यायचा. शिवाय साइडकारसाठी मागच्या गिअरचा रेशो वेगळा मिळायचा. आमच्या गाडीला तशी सोय नाही, तेव्हा खाचा आणि डॅम्पर यांवरच भागवायचं.

टायरवर मात्र आमचं एकमत झालं नाही. साइडकारवर गाडी कलत नाही, त्यामुळे मागचा टायर मधोमध घासून पाटासारखा सपाट होतो. सोलोला वळताना त्या सपाट भागाच्या कडेवरून गाडी एकदम घसरल्यासारखी आत पडते. त्याचा टायर त्या वाटेला लागलेला होता. मी म्हटलं, सोलोसाठी दुसरं मागचं चाक तयार ठेव. तो म्हणाला, पिना, जॅक, प्लग, स्प्रिंग, आणि आता चाकही?

“मग ऑफिसला बसने जा,” काका म्हणाले. “गाडी मला राहू दे.”