युनिफॉर्मच्या पँटमधली लाथ

म्हापशात मी २२ वर्षं कराटे शिकवतोय. पावसाळ्यात क्लास ओस पडतो. पोरांचे पांढरे ड्रेस वाळत नाहीत आणि आयांना निमित्त मिळतं. त्यामुळे जूनमध्ये कळंगुटच्या एका हॉटेलातून फोन आला तेव्हा मी आढेवेढे घेतले नाहीत. “सीझनच्या आधी आमच्या १४ सिक्युरिटीवाल्यांना तयार करा, सर. कामाला येईल असं काहीतरी शिकवा.” या ‘कामाला येईल असं’कडे मी तेव्हा लक्षच दिलं नाही.

सिक्युरिटी मॅनेजर सत्तरीचे, फौजेतून निवृत्त झालेले. सगळे त्यांना सुभेदारसाहेबच म्हणायचे. बँक्वेट हॉलमधल्या खुर्च्या एका बाजूला रचून ठेवल्या होत्या आणि गालिच्याला ओलसर वास येत होता. मी पिकअपमधून नेलेल्या मॅट अंथरल्या आणि तासभर भाषण दिलं. ते संपल्यावर सुभेदारसाहेब म्हणाले, “सर, यांच्यातल्या तिघांना आधीच काही ना काही येतं. हात लावून बघा ना.”

पहिला उठला तो खानापूरकडचा पैलवान. वय पंचेचाळीसच्या आसपास, पोट सुटलेलं, कान मुडपलेले. लहानपणापासून लाल मातीत वाढलेला, आता रात्रपाळीत गेटवर बसणारा. मी अंतर राखून दोनदा माए गेरी, म्हणजे समोरून मारायची सरळ लाथ, त्याच्या पोटावर हलकीच टेकवली. प्रत्येक वेळी तो अदबीनं “हां सर” म्हणाला. तिसऱ्या लाथेला मात्र माझी टाच त्याच्या काखेत अडकली ती अडकलीच. त्यानं हनुवटी माझ्या मांडीवर दाबली, दुसऱ्या पायाला आपला पाय घातला, आणि मी फॉल्स सीलिंगमधले दिवे मोजत होतो. साधा एकेरी पट, म्हणजे एक पाय धरून पाडायचा कुस्तीतला डाव. पडताना मला एक गोष्ट जाणवली. त्याचा डावा पंजा माझ्या डोक्याखाली होता. “मॅट पातळ हाय सर, डोकं आपटलं असतं,” तो म्हणाला.

पोरांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, तेवढी लाज त्यांनी राखली.

खोटं कशाला बोलू, मला राग आला. पण चहा पिताना डोकं थंड झालं. माझ्या बावीस वर्षांतल्या किती ठोशांनी खरंच माणसाला गाठलं असेल? आम्ही ठोसा इंचभर अलीकडे थांबवायला शिकतो आणि त्याचेच गुण मिळवतो. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये कराटेच्या अंतिम लढतीत सौदीच्या खेळाडूची लाथ इराणच्या खेळाडूला अशी बसली की तो बेशुद्ध पडला. सुवर्णपदक बेशुद्ध पडलेल्याला मिळालं, कारण मारणारा अपात्र ठरला. खेळ म्हणून नियम योग्यच आहे. पण रोज ज्याचा सराव करायचा ते शेवटपर्यंत न्यायचंच नाही, अशी आमची गत. पैलवानानं मात्र तो पट जाणत्या वयापासून रोज सकाळी, जीव खाऊन विरोध करणाऱ्या माणसावर काढलाय. जिगोरो कानोंनी १८८२ मध्ये ज्युडो सुरू केला तेव्हा जुन्या जुजुत्सूतले घातक डाव सरावातून बाजूला ठेवले. उरलेले डाव पूर्ण ताकदीनं, खऱ्याखुऱ्या झटापटीत घोटता यावेत हा हेतू. हे मी दर वर्षी ब्लॅक बेल्टच्या तोंडी परीक्षेत विचारतो. त्याचा अर्थ मला पाठीवर पडल्यावर कळला.

दुसरा वास्कोचा बॉक्सर, तेवीसेक वर्षांचा. ग्लोव्हज चढवल्यावर त्याच्या डाव्या जॅबनं माझं नाक दोनदा शोधलं. मी नको म्हणत असतानाही मग पोरांनी त्याची आणि पैलवानाची गाठ घातलीच. बॉक्सरचे दोन फटके पैलवानाच्या भुवईवर नीट बसले. तिसऱ्याला पैलवान आत शिरला, कमरेला मिठी पडली आणि खेळ संपला. कोपऱ्यातून एकजण म्हणाला, “म्हणजे कुस्तीच भारी!”

हा वाद जुना आहे. १९७६ मध्ये टोकियोत मुहम्मद अली आणि पैलवान इनोकी समोरासमोर आले. इनोकी बहुतेक वेळ जमिनीवर पाठ टेकून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला, आणि १५ फेऱ्यांनंतर सामना बरोबरीत सुटला. १९९३ मध्ये डेन्व्हरला पहिल्या यूएफसीत, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारांतले लढवय्ये पिंजऱ्यात भिडतात त्या स्पर्धेत, शिडशिडीत रॉयस ग्रेसीनं एकाच रात्री तिघांना जमिनीवर नेऊन हरवलं, त्यात एक बॉक्सरही होता. तेव्हापासून ‘जमिनीवर नेणारा जिंकतो’ असं सगळे म्हणू लागले. पण त्या पिंजऱ्यात खाली ओल्या टाइल्स नव्हत्या आणि पडलेल्याचे चार मित्र शेजारच्या टेबलावर बसलेले नव्हते.

तिसरी सावर्ड्याची मुलगी, बायकांच्या बॅगा तपासणारी. तायक्वांदोत राज्यपातळीपर्यंत खेळलेली. माझ्या कानाजवळून तिची लाथ अशी सुंदर फिरली की मी मनातल्या मनात दाद दिली. तेवढ्यात टर्र आवाज झाला. हॉटेलच्या पँटची बैठकीतली शिवण मागपासून पुढपर्यंत उसवली होती. तिनं शांतपणे जॅकेट कमरेला बांधलं. “सर, ड्युटीवर मी लाथ मारतच नाही,” ती म्हणाली, “त्याचं कारण हेच.”

जेवणानंतर सुभेदारसाहेबांनी मला केबिनमध्ये नेऊन सीसीटीव्हीच्या जुन्या फिती दाखवल्या.

पहिल्या फितीत आधीचा एक गार्ड. शिवी ऐकतो आणि पाहुण्याच्या जबड्यावर ठोसा ठेवून देतो. ठोसा उत्तम होता. पाहुण्याला टाके पडले, गार्डच्या करंगळीमागचं हाड मोडलं (ग्लोव्हजशिवाय मुठीनं जबड्यावर मारलं की ते हाड बऱ्याचदा जातं), पोलीस आले आणि नोकरी गेली. “आता न्याय संहितेच्या ३७ व्या कलमात लिहिलंय,” साहेब म्हणाले, “स्वसंरक्षणातसुद्धा गरजेपेक्षा जास्त इजा करायचा हक्क नाही. आणि गरज किती होती ते ही फीत बघून ठरतं.” दुसऱ्या फितीत एका गार्डनं दारुड्याला व्यवस्थित खाली दाबून धरलं होतं, अगदी ग्रेसीसारखं. आणि त्या दारुड्याचे तीन मित्र गार्डच्या बरगड्यांत लाथा घालत होते.

तिसरी फीत मी परत लावायला सांगितली. बारमधला एक जुना वेटर तावातावानं अंगावर येणाऱ्या पाहुण्याच्या एका हातात बिलाचं फोल्डर देतो, दुसऱ्या हातात पेन. दोन्ही हात गुंतले. पाहुणा क्षणभर फोल्डरकडे बघतो, तेवढ्यात वेटर त्याच्या बाजूला जातो, कोपराखाली हात घालतो आणि बोलत बोलत त्याला टॅक्सीपर्यंत घेऊन जातो. समोरून बाजूला जाणं, कोपर ताब्यात घेणं. यासाठी आमच्याकडे जपानी नावं आहेत आणि ती पाठ करायला मुलांना दोन वर्षं लागतात.

त्या रात्री मी लिहून ठेवलेला अभ्यासक्रम फाडला. काता, म्हणजे ठरलेल्या हालचाली एकट्यानं ओळीनं करायचा सराव, गेला, उंच लाथा गेल्या, मुठीचे ठोसेही जवळपास गेले. उरलं ते एवढंच: हात उघडे ठेवून छातीपाशी धरून बोलायचं. मनगटाची पकड सोडवायची. पैलवानाच्या पद्धतीनं पाठीमागे जाऊन कब्जा घ्यायचा, तोही दोघांनी मिळून, आणि तिसऱ्यानं मित्रांकडे तोंड करून उभं राहायचं. ज्युडोतलं पडणं रोज २० वेळा, कारण पूलकाठी कुणी ना कुणी घसरतंच. बॉक्सर पोराकडे डोकं चुकवायचं काम दिलं. तिथे त्याच्याइतका उपयोगी माणूस नव्हता. फटका मारायचा नसला तरी तो येताना दिसायला हवाच. आणि सगळा सराव ड्युटीच्या बुटांत, समोरचा खरोखर विरोध करतोय अशा तयारीनं. पहिल्या आठवड्यात दोघांचे अंगठे मुरगळले, एकाची माझ्याशी अबोला धरण्यापर्यंत मजल गेली.

पैलवानाला मी माझ्या मानधनातला तिसरा हिस्सा दिला. तो घेईना. “सर तुम्ही, मी कसा घेऊ?” शेवटी साहेबांनीच पाकीट त्याच्या खिशात कोंबलं.

हॉटेलकडे मी तीन मागण्या लिहून दिल्या होत्या: जाड मॅट, पूलकाठी न घसरणाऱ्या टाइल्स आणि पँटच्या बैठकीत जास्तीचं कापड. मॅटचं ‘बघू’ झालं, टाइल्सचं ‘पुढच्या वर्षी’. शिंपी मात्र चौथ्याच दिवशी टेप घेऊन आला आणि चौदाही जणांना एका रांगेत उभं करून त्यानं मापं घेतली.