कौनासचा मे महिना: युरोलीगच्या एका हंगामामागून

म्युनिकच्या वेस्टपार्कजवळ एक बुटका, गोल हॉल आहे. 1972 च्या ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलसाठी तो बांधला होता. सोव्हिएत संघ आणि अमेरिका यांच्यातला तो गाजलेला अंतिम सामना इथेच झाला. शेवटचे तीन सेकंद पुन्हा पुन्हा खेळवले गेले, सोव्हिएत संघाच्या बेलोवने चेंडू बास्केटमध्ये टाकला आणि 51-50 असा निकाल लागला. अमेरिकेच्या खेळाडूंनी रौप्यपदकं स्वीकारली नाहीत ती आजतागायत. त्या सोव्हिएत संघाचा कर्णधार होता मोदेस्तास पाउलाउस्कास. लिथुआनियाचा, कौनासच्या झाल्गिरिस क्लबचा.

2022 च्या शरद ऋतूत मी या हॉलमध्ये म्युनिकच्या बायर्न क्लबचे सामने बघायला जाऊ लागले, तेव्हा पाउलाउस्कासचं नाव मला ऑफिसातल्या कौनासच्या एका सहकाऱ्याने सांगितलं. ‘तुमच्याकडे क्रिकेट, आमच्याकडे हे,’ एवढंच म्हणून तो गप्प बसला नाही. जेवणाच्या सुट्टीत तासभर बोलला. मी नागपूरची. सिमेंटच्या कोर्टवर गुडघे फोडून घेत वाढलेली, विद्यापीठाकडून खेळलेली. आमच्यासाठी बास्केटबॉल म्हणजे एनबीए ही अमेरिकेची लीग, आणि तेही रात्री उशिरा चोरून बघायचं. युरोपात हा खेळ कसा जगतात हे बघायची संधी दाराशी आली होती, ती मी सोडणार नव्हते.

युरोलीग म्हणजे युरोपातल्या अव्वल बास्केटबॉल क्लबांची स्पर्धा. तिचा साचा आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. त्या हंगामात 18 संघ होते. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा घरी, एकदा बाहेर खेळायचं, म्हणजे 34 सामने. पहिले आठ प्लेऑफला. तिथे पाचपैकी तीन जिंकणारा पुढे. उरलेले चार संघ मेमध्ये एकाच शहरात, एकाच शनिवार-रविवारच्या आसपास भिडतात, त्याला फायनल फोर म्हणतात. हे सगळं आपापल्या देशातली लीग सांभाळून! आज इस्तंबूल, परवा आपल्या गावचा सामना, पुढच्या आठवड्यात तेल अवीव. खेळाडूंच्या पायांची काय अवस्था होत असेल, हे खेळलेल्या माणसालाच कळतं. युक्रेन युद्धामुळे रशियाचे क्लब त्या वर्षी नव्हते, त्यामुळे सीएसकेए मॉस्कोही नव्हतं. कौनासमध्ये या गोष्टीला किती खोल अर्थ आहे, ते मला नंतर समजलं.

बायर्नची त्या वर्षीची कामगिरी बेताचीच होती. म्हणून मी सुट्ट्या जमवून दुसरी गावं धरली.

पहिलं बेलग्रेड. तिथला पार्टिझान क्लब बऱ्याच वर्षांनी युरोलीगमध्ये परतला होता आणि प्रशिक्षक होते झेल्को ओब्रादोविच. त्यांच्या नावावर नऊ युरोपीय अजिंक्यपदं आहेत, त्यातलं पहिलं 1992 मध्ये याच पार्टिझानबरोबर, प्रशिक्षक म्हणून पहिल्याच वर्षी. तेव्हा युगोस्लाव्हिया फुटत होता, युद्ध पेटलं होतं, त्यामुळे पार्टिझानला घरचे जवळजवळ सगळे सामने स्पेनमधल्या फुएनलाब्राडा या गावात खेळावे लागले. तिथल्या लोकांनी त्या परक्या पोरांना आपलं मानलं. इस्तंबूलच्या अंतिम सामन्यात साशा जॉर्जेविचने अगदी शेवटी तीन गुणांचा शॉट टाकला आणि 71-70 ने कप बेलग्रेडला आला. बेलग्रेडच्या ट्राममध्ये माझ्याशेजारी बसलेल्या आजोबांनी मला हे सगळं हातवारे करून, अर्ध्या सर्बियन अर्ध्या इंग्रजीत सांगितलं. जॉर्जेविच कुठून धावला, कसा वळला, ते त्यांनी ट्रामच्या दांड्याला धरून करून दाखवलं.

हॉलमध्ये पार्टिझानचे कट्टर समर्थक, ज्यांना ग्रोबारी म्हणतात, काळ्या कपड्यांत एका बाजूला उभे राहतात. बसत नाहीत. पूर्ण सामनाभर नाही. हजारो माणसं एका सुरात गाऊ लागली की पायाखालचं काँक्रीट थरथरतं, आणि हे मी शब्द सजवण्यासाठी म्हणत नाही, माझ्या पाण्याच्या बाटलीतलं पाणी हलत होतं. पाहुण्या संघाचा पॉइंट गार्ड आपल्याच माणसाला ओरडून खेळी सांगत होता आणि चार फुटांवरच्या त्या माणसाला ऐकू जात नव्हतं. बोटांच्या खुणा सुरू झाल्या. घरचं मैदान म्हणजे काय, ते मला त्या बोटांत दिसलं.

पिरेयसला, म्हणजे ऑलिंपियाकोस क्लबच्या गावाला, जाणं झालं ते धावतपळत. अथेन्सहून मेट्रोने निओ फालिरोला उतरलं की एका बाजूला समुद्र आणि शांतता व मैत्री स्टेडियम, दुसऱ्या बाजूला ऑलिंपियाकोसचं फुटबॉल मैदान. याच फुटबॉल मैदानाच्या 7 नंबरच्या गेटवर 1981 च्या फेब्रुवारीत चेंगराचेंगरीत 21 जण गेले. बास्केटबॉलच्या हॉलमध्येही लोक ‘गेट 7’ लिहिलेले फलक धरतात ते त्यामुळे. ऑलिंपियाकोस त्या वर्षी फार सुंदर खेळत होता. चेंडू एका हातात थांबतच नव्हता. साशा वेझेन्कोव बिनचेंडूचा जितका धावायचा तितकं मी कोणाला धावताना पाहिलं नाही. साखळीत ते पहिले आले आणि वेझेन्कोव हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

आता कौनास. विल्नियसला विमानाने उतरून पुढे शंभरेक किलोमीटर रेल्वेने गेले. मेची सुरुवात होती, झाडांना नुकती पालवी फुटलेली. नागपूरला याच दिवसांत डांबर वितळतं, इथे मी जॅकेट घालून फिरत होते. गाव तीनेक लाख वस्तीचं, नेमुनास आणि नेरिस नद्यांच्या संगमावर. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात विल्नियस हातात नसताना हीच देशाची राजधानी होती. झाल्गिरिसचा हॉल नदीतल्या बेटावर आहे, 2011 साली उघडलेला, पंधरा हजारांहून जास्त माणसं मावतात. म्हणजे गावातला दर वीसावा माणूस एका वेळी आत बसू शकतो.

मी आधी जुना हॉल बघायला गेले, ओकच्या राईशेजारचा. 1937 मध्ये लिथुआनियाने रीगाला जाऊन युरोपचं अजिंक्यपद पटकावलं, त्यामुळे 1939 ची स्पर्धा यांच्या घरी आली आणि ती खेळवायला हा हॉल उभा केला. पहिल्याच दिवशी शेजारच्या लात्वियाशी गाठ पडली आणि यजमान 37-36 असे एका गुणाने जिंकले. पुढे सगळेच सामने जिंकून अजिंक्य ठरले. पुढच्याच वर्षी सोव्हिएत फौजा आल्या आणि देशच नकाशावरून गेला. उरला तो खेळ. 1944 मध्ये झाल्गिरिस क्लब निघाला. नाव घेतलं 1410 च्या लढाईचं, ज्यात लिथुआनिया आणि पोलंडने मिळून ट्युटॉनिक सरदारांना हरवलं होतं. 1985 ते 87 अशी सलग तीन वर्षं, आर्विदास साबोनिस संघात असताना, झाल्गिरिसने सीएसकेए मॉस्कोला मागे टाकून सोव्हिएत अजिंक्यपद घेतलं. सीएसकेए म्हणजे लाल सेनेचा क्लब. ज्या गोष्टी रस्त्यावर बोलता येत नव्हत्या, त्या हॉलमध्ये ओरडून सांगता येत होत्या. मी राहिले त्या घराच्या मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या. त्यांच्या नातीने दुभाष्याचं काम केलं. त्या सामन्यांबद्दल विचारलं तर बाईंनी आधी खिडकी लावून घेतली, मग स्वतःच हसल्या आणि परत उघडली.

त्या फेरीत मी पाहिला तो बार्सिलोनाविरुद्धचा प्लेऑफचा सामना. बार्सिलोनाचे प्रशिक्षक शारूनास यासिकेविचुस. कौनासचेच सुपुत्र. खेळाडू म्हणून चार वेळा युरोलीग जिंकलेले, आणि 2018 मध्ये याच झाल्गिरिसला प्रशिक्षक म्हणून फायनल फोरपर्यंत नेलेले. आता ते समोरच्या बाकावर होते. फायनल फोर घरच्या हॉलमध्ये व्हायची होती, त्यामुळे सगळं गाव देव पाण्यात ठेवून बसलं होतं. बार्सिलोनाने तीनपैकी तिन्ही सामने घेतले. शेवटचा भोंगा वाजला आणि मला वाटलं, आता लोक मुकाट्याने बाहेर पडतील. एकही हललं नाही. उभे राहून, हिरवे-पांढरे स्कार्फ दोन्ही हातांत ताणून, त्यांनी आपल्या संघाला कितीतरी वेळ दाद दिली. मी हरलेल्या संघांत खेळले आहे. त्या टाळ्यांची किंमत मला ठाऊक आहे, त्यामुळे डोळे भरून आले.

तिकडे रियाल माद्रिद आणि पार्टिझान यांचं वेगळंच नाट्य चाललं होतं. माद्रिदमधले पहिले दोन्ही सामने पार्टिझानने जिंकले. दुसऱ्याच्या शेवटी कोर्टवर मारामारी झाली, रियालच्या याबुसेलेने पार्टिझानच्या एक्झमला उचलून आपटलं, सामना तिथेच थांबवला. याबुसेलेवर बंदी आली. खेळात हे व्हायला नको होतं, त्याचं कुठलंही समर्थन मला पटत नाही. पण त्यानंतर रियालने बेलग्रेडच्या त्या हॉलमध्ये जाऊन दोन सामने काढले आणि पाचवाही जिंकला. 0-2 वरून मालिका फिरवणारा युरोलीगमधला हा पहिला संघ.

दोन-तीन आठवड्यांत मी पुन्हा कौनासला. या वेळी गाव फायनल फोर गाठलेल्या ऑलिंपियाकोसच्या रंगाने लाल झालं होतं. लाइस्वेस अलेया हा लिंडेनच्या झाडांचा लांबलचक पादचारी रस्ता, तिथे ग्रीक लोकांनी बाकं, कारंजं, कॅफे सगळं व्यापलेलं. कौनासकर जराही नाराज नव्हते. माझ्या टेबलाशेजारी एका स्थानिक कुटुंबाने चार ग्रीक पोरांना आपल्यात बसवून घेतलं आणि मध्ये केप्ता दुओनाची ताटली ठेवली. काळ्या राय पावाच्या बोटभर पट्ट्या, तेलात खरपूस तळलेल्या, वर कच्चा लसूण चोळलेला आणि चीजचा घट्ट सॉस. बिअरबरोबर खातात. लसणाचा झणका असा की नागपूरच्या माणसाला लगेच घरी असल्यासारखं वाटावं. मीही मागवली, तोंडात टाकली आणि त्यांच्या गप्पांत शिरले.

शुक्रवारी उपांत्य सामने. ऑलिंपियाकोसविरुद्ध मोनॅको मध्यंतरापर्यंत चांगलं खेळत होतं. तिसऱ्या क्वार्टरमध्ये जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. 27-2. दहा मिनिटांत मोनॅकोला फक्त दोन गुण! ग्रीकांचा बचाव एकेका पासच्या वाटेत उभा होता. मोनॅकोचा खेळाडू बास्केटकडे वळला की एक हात पुढे, एक मागे, आणि तिसरा माणूस कोपऱ्यातून धावत आलेला. ऑलिंपियाकोसचे प्रशिक्षक बार्झोकास बाजूला उभे राहून तरीही आपल्याच लोकांवर ओरडत होते. सामना 76-62. दुसऱ्या सामन्यात रियालने बार्सिलोनाला 78-66 असं हरवलं, त्यांच्या एडी तावारेसची उंची कोणालाच पेलली नाही.

रविवारचा अंतिम सामना. हॉलमध्ये बहुसंख्य लाल, एका कोपऱ्यात पांढऱ्या शर्टांचा छोटा पुंजका. वेझेन्कोवने 29 गुण केले, जिथून टाकेल तिथून पडत होता. रियालने झोन बचाव लावला, म्हणजे माणसाऐवजी जागा राखायला घेतली, त्यांचा सर्जिओ रॉड्रिगेझ सामन्याची लगाम हातात घेऊन बसला, तरी शेवटच्या मिनिटात 78-77 असे ग्रीक पुढे होते. चेंडू आला रियालच्या सर्जिओ युलकडे. वय 35, आणि त्या रात्री तोवर एकही गुण नाही. समोर ऑलिंपियाकोसचा 2.18 मीटरचा मुस्ताफा फाल. युल थांबला, उडाला, फालच्या पसरलेल्या हातावरून चेंडू उंच गेला आणि जाळीत पडला. 79-78. तीन सेकंद शिल्लक. ऑलिंपियाकोसच्या स्लुकासने शेवटचा प्रयत्न केला, तो चुकला. रियालचं अकरावं अजिंक्यपद.

ज्या माणसाच्या हाताला दिवसभर यश नाही, त्याच्या हातात असा चेंडू द्यायला संघाचा त्याच्यावर किती विश्वास लागतो! आणि मागायला त्याची स्वतःची छाती किती लागते! मला विचाराल तर युलने तो शॉट मारण्याआधीच, मागून घेतला तेव्हाच, अर्धं काम केलं होतं. तावारेस फायनल फोरचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि तेही योग्यच होतं. पण साखळीत पहिल्या आलेल्या, वर्षभर सर्वांत देखणं खेळलेल्या ऑलिंपियाकोसच्या तोंडचा घास गेला याचं दुःख मला रियालच्या आनंदापेक्षा मोठं वाटलं. चौतीस सामने, प्लेऑफ, सगळं करून शेवटी तीन सेकंद. ही रचना बदलावी, अंतिम फेरीही मालिकेने खेळवावी, असं म्हणणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही. तसं झालं तर कौनाससारख्या गावाला सगळा युरोप तीन दिवस अंगणात कधी मिळणार?

रात्री लाइस्वेस अलेयावर ग्रीक लोक गात होतेच, आवाज बसले होते तरी. जेवणाच्या टेबलावरचं ते कुटुंब पुन्हा भेटलं. बाप आणि त्या चार पोरांपैकी एक जण मिठाच्या बाटल्या नि ग्लास मांडून रियालचा झोन कसा फोडायला हवा होता यावर वाद घालत होते. मला बघून जागा केली. फालला अजून वर बोलवायला हवं होतं, हे माझं मत मी मांडलं, आणि पोरगं माझ्यावर तुटूनच पडलं.

त्या उन्हाळ्यात वेझेन्कोव अमेरिकेला, एनबीएतल्या सॅक्रामेंटोकडे गेला आणि स्लुकासने ऑलिंपियाकोस सोडून थेट हाडवैरी पनाथिनायकोस गाठलं. पिरेयसकरांना ते किती लागलं असेल! 2024 च्या मेमध्ये बर्लिनच्या अंतिम सामन्यात पनाथिनायकोसने याच रियालला 95-80 असं हरवलं. स्लुकासचे 24 गुण होते आणि फायनल फोरचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. बर्लिन म्युनिकहून रेल्वेने चारेक तासांवर, त्यामुळे तिथेही गेलेच. त्याबद्दल पुढच्या लेखात.