टायर फुटला, एवढंच लिहून चालत नाही

मे महिन्यातली दुपार, पावणेतीनचा सुमार. मामांचा फोन आला. "शेठ, पुढचा डावा फुटला. गाडी रेलिंगला घासून उभी आहे. पोराचा पाय अडकलाय."

मामा म्हणजे आमचे ड्रायव्हर. माझ्या जन्माआधीपासून गाडी चालवतात, म्हणून मामा. मी शेठ फक्त नावाचा. एकच सहाचाकी गाडी, तीही सात वर्षांची, आणि तिचे हप्ते नुकतेच फिटलेले. मंचरहून कांदा भरून हैदराबादला निघाली होती. पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवण मागे टाकलं आणि इंदापूरच्या अलीकडे हा प्रकार झाला.

पहिलं काम मी चुकीचं केलं. विचारलं, "माल सांडला का?" मामा दोन सेकंद गप्प. मग म्हणाले, "पोराचं बघू का मालाचं?" तेव्हा भानावर आलो.

१०८ ला त्यांनी आधीच फोन लावला होता. मी १०३३ ला लावला. ही महामार्गाची हेल्पलाइन. किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगितला की गस्तीची गाडी आणि क्रेन बरोबर जागेवर येते. आकडा माहीत नसेल तर "तो ढाबा आहे ना, त्याच्या पुढं" यातच पाच मिनिटं जातात. मामांनी गाडीमागं त्रिकोण ठेवला, त्याच्याही मागं लांबवर झाडाच्या फांद्या टाकल्या. क्लीनर पोराला पत्रा वाकवून लोकांनीच बाहेर काढलं. नडगीचं हाड मोडलं होतं. बाकी वाचला.

आणखी एक गोष्ट घडली होती, ती मामांनी फोनवर सांगितली नाही. टायरचा वरचा रबरी पट्टा सुटून मागच्या कारच्या काचेवर आदळला होता. पुढं बसलेल्या ताईंच्या हातात काचा घुसल्या. कार कुठं धडकली नाही, हे नशीब.

मी पोचलो तेव्हा सात वाजत आले होते. उजनीच्या पाण्याकडून वारा येत होता आणि कांद्याचा वास सगळीकडं. माल दुसऱ्या गाडीत पलटी करायला हमाल मिळाले, पण दर त्यांनी सांगितला तो मुकाट्यानं द्यावा लागला. पलटी करताना गोण्या मोजून घेतल्या आणि दोन्ही ड्रायव्हरांच्या सह्या बिल्टीच्या, म्हणजे माल पाठवल्याच्या पावतीच्या, मागं घेतल्या, एवढं एक काम त्या दिवशी डोकं ठिकाणावर ठेवून केलं.

गस्तीच्या गाडीवाल्यांनी तुटलेल्या रेलिंगचे फोटो काढले, माप घेतलं आणि नुकसानीचा आकडा सांगितला. गाडी हलवायची घाई होती. मी तिथंच पैसे भरले, पावती घेतली. नंतर कळलं की पॉलिसीत स्वच्छ लिहिलेलं असतं : कंपनीच्या लेखी संमतीशिवाय कुणाला भरपाई कबूल करायची नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान थर्ड पार्टीत साडेसात लाखांपर्यंत बसतं, पण आधी कंपनीला कळवायला हवं होतं. ती पावती मी क्लेमला जोडली. त्यावर अजून होय नाही की नाही नाही.

पोलीस ठाण्यात रात्री जबाब झाला. हवालदार सांगेल तसं मामा सही करणार होते. कागदावर एकच ओळ होती, "टायर फुटल्याने वाहनावरील ताबा सुटला." मी म्हटलं, वेग किती होता, ब्रेक मारला का, टायर कोणता, हेही लिहा. हवालदार वैतागला, पण लिहिलं. मामांनी खरं सांगितलं. आवाज झाल्याबरोबर पाय ब्रेकवर गेला. तो जायला नको होता. पुढचा टायर फुटला की स्टिअरिंग घट्ट धरायचं, एक्सलेटर सोडायचा आणि गाडी आपोआप मंदावू द्यायची. जोरात ब्रेक मारला की ती फुटलेल्या बाजूला ओढली जाते. हे मामांना माहीत नव्हतं असं नाही. चाळीस वर्षांत पुढचा टायर पहिल्यांदाच फुटला, आणि अशा वेळी पाय स्वतःचंच ऐकतो.

क्लेमसाठी कागद गोळा केले : पंचनाम्याची प्रत, क्लीनरची दवाखान्यातली एमएलसी (पोलीस केससाठीची वैद्यकीय नोंद), आरसी, फिटनेस, परमिट, पीयूसी, मामांचं लायसन्स, बिल्टी आणि वजनकाट्याची पावती. शेवटची पावती महत्त्वाची, कारण सर्व्हेअरला, म्हणजे नुकसान तपासायला विमा कंपनी पाठवते त्या माणसाला, आधी ओव्हरलोडचाच संशय येतो. आमचं वजन बसत होतं. गाडी ठाण्याच्या आवारात चार दिवस राहिली. आरटीओचे इन्स्पेक्टर ब्रेक, स्टिअरिंग बघून गेले, मग बॉण्डवर गाडी सुटली. त्या चार दिवसांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. चहा पीत बसायचं, एवढंच.

खरी गोष्ट सर्व्हेअर आले तेव्हा सुरू झाली. गाडी गॅरेजला होती. त्यांनी केबिन बघितली नाही, चेसिस बघितली नाही. पहिला प्रश्न, "टायर कुठाय?"

टायर नव्हता. क्रेनवाल्यानं चाक काढून रस्त्याकडेच्या पंक्चरच्या दुकानापाशी टाकलं होतं, आणि भंगार म्हणून मीही सोडून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी परत इंदापूर. दुकानदारानं रिम वेगळी करून ठेवली होती, टायर फेकायचा बाकी होता. पाचशे रुपये घेतले त्यानं. हे पाचशे मला सगळ्या खर्चात स्वस्त पडले.

सर्व्हेअरनं बाजूच्या भिंतीवर बोट फिरवलं आणि डॉट लिहिलेल्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचले : १८१७. म्हणजे २०१७ सालचा अठरावा आठवडा. त्यावर रबर चढवून घेतलेलं. सुटलेल्या पट्ट्याची कड त्यांनी मला दाखवली, सालीसारखी निघालेली. "पुढं रिमोल्ड लावलात?" त्यांनी शांतपणे विचारलं.

लावला होता. मीच. मागच्या जोडीला रिमोल्ड चालतो, एक गेला तर दुसरा भार घेतो. पुढं जोडीदार नसतो. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मार्चमध्ये पुढचा टायर कापला गेला, नव्याचे पैसे नव्हते, मागचाच पुढं आणला. महिनाभराचं म्हणून लावला आणि मे उजाडला. त्यात हवा कमी. आमच्याकडं गेज होता, पण मामा पाय मारून आवाजावर हवा ओळखतात. कमी हवेचा टायर चालताना बाजूनं सारखा दबतो, आतून तापतो आणि वरचा रबर सोडतो. मेमधल्या दुपारचा रस्ता त्यात भर घालतो, पण दोष एकट्या उन्हावर ढकलता येत नाही.

तोवर मी सगळ्यांना "दैवाचा खेळ" म्हणून सांगत होतो. राजगुरुनगरच्या ओळखीच्या वकिलांनी मला तिथंच थांबवलं. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं हाच मुद्दा निकालात काढलाय, म्हणाले. २०१० मध्ये पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या कारचा टायर फुटला, गाडी खड्ड्यात गेली आणि आतला एक जण गेला. विमा कंपनीचं म्हणणं, ही देवाची करणी, आम्ही का द्यायचं? न्यायालयानं ते मानलं नाही. वेग, कमी-जास्त हवा, जुने टायर, तापमान ही टायर फुटण्याची कारणं आहेत आणि निघण्याआधी ते तपासणं चालवणाऱ्याचं काम आहे. न्यायाधिकरणानं दिलेली सव्वा कोटीची भरपाई कायम राहिली. वकिलांचं पुढचं वाक्य मला जास्त लागलं : "तुमच्या बाबतीत त्या काचा लागलेल्या ताई दावा करतील तेव्हा हीच ओळ तुमच्यावर येणार."

पैशाचं सांगतो. गॅरेजचं एस्टिमेट २ लाख १० हजार. मिळाले ८८ हजार. सात वर्षांच्या गाडीला लोखंडी भागांवर ४० टक्के घसारा, हे माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे की मालवाहू गाडीच्या साध्या पॉलिसीत बंपर, दिवे, मडगार्ड, टायर, रंग यांचे पैसेच मिळत नाहीत, गाडी अपघातात पूर्ण भंगार झाली तरच मिळतात. त्यासाठी आयएमटी २३ नावाची जोड घ्यावी लागते, प्रीमियम थोडा वाढतो. एजंटानं दर वर्षी स्वस्त पॉलिसी आणून दिली आणि मी दर वर्षी त्याला चहा पाजला. क्लीनरसाठी भरायचे माणशी पन्नास रुपये मात्र भरलेले निघाले. पोराच्या उपचारांचा खर्च तरीही आधी मीच केला, कारण कंपनीची वाट बघेपर्यंत त्याचा पाय थांबणार नव्हता.

ताईंना मी फोन केला. वकिलांनी सांगितलं होतं, तब्येत विचारा, बाकी काही कबूल करू नका. त्यांनी फोन उचलला, माझं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तो टायर तुम्ही बघितला होता का निघायच्या आधी?" मी पॉलिसी नंबर दिला, मामांचा जबाब कोणत्या ठाण्यात आहे ते सांगितलं. अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दावा करायचा असतो, तेही सांगितलं. हे वकिलांना आवडलं नाही.

टायर अजून गोठ्यामागं आहे, गोणपाटात गुंडाळलेला. मागच्या आठवड्यात भंगारवाला आला तेव्हा मामांनीच त्याला हाकलला.