ऐनावरची बैठक

रात्री झाडावर राखणीला बसणाऱ्या माणसाचं सगळं त्याच्या बैठकीवर अवलंबून असतं. फळीची कड मांडीखाली रुतली की पायाला मुंग्या येतात. मुंग्या आल्या की माणूस चुळबुळ करतो, आणि चुळबुळ करता करता एक तर तोल जातो, नाहीतर कंटाळून तो खाली उतरतो. अंधारात गव्याच्या वाटेवर जमिनीवर उभं राहणं म्हणजे जिवाशी गाठ. म्हणून मी आमच्या बांधावरच्या झाडावर बैठक करायला घेतली, तेव्हा आधी आराम बघितला. चार तास हलल्याशिवाय बसता आलं पाहिजे, एवढं एकच माप मनात धरलं होतं.

आमचं शेत राधानगरीच्या वरच्या अंगाला आहे. खाली भात आणि ऊस, वरच्या टेपावर नाचणी, आणि त्याला लागूनच रान. गव्यांसाठी म्हणून १९५८ साली दाजीपूरचं अभयारण्य झालं आणि १९८५ मध्ये हद्द वाढून ते राधानगरी अभयारण्य झालं, सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचं. त्या रानातले गवे दिवस मावळला की बाहेर पडतात आणि उजाडायच्या आत परततात. भात निसवलं की रानडुकरंही येतात. पूर्ण वाढलेला नर गवा खांद्याला पुरुषभर उंच आणि वजनाला हजार किलोच्या घरात. त्यानं नुसती वाट जरी शेतातून काढली तरी तेवढा पट्टा लोळतो.

झाडावरच्या बैठकीचं ज्ञान आपल्याकडं आलं ते मुळात शिकारीतून. संस्थानच्या काळात दाजीपूरचं जंगल हे कोल्हापूरच्या महाराजांचं शिकारीचं राखीव रान होतं. कोल्हापुरात न्यू पॅलेसच्या संग्रहालयात त्या काळातले पेंढा भरलेले प्राणी आजही आहेत. आमच्या तात्यांचे वडील शिकारीत हाक्याला, म्हणजे जनावरं हाकून आणायला, जायचे. मचाण बांधायला फार काही लागायचं नाही, घरातली बाज उचलायची आणि चांगल्या दुबेळक्यात, दोन फांद्यांच्या बेचक्यात, दोरानं आवळायची, असं तात्या सांगतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली आणि गवा तर पहिल्या अनुसूचीत आहे, सगळ्यात कडक संरक्षण असलेला. माझ्या बैठकीवर हातात बॅटरी असते आणि शेजारी डबा, वाजवायला. तरी बाजेची ती गोष्ट माझ्या डोक्यात बसली, कारण विणलेल्या बाजेवर माणूस तासन् तास पडून राहतो आणि फळीवर अर्ध्या तासात उठतो.

आधी झाड ठरवलं. बांधावर तीन झाडं कामाची होती: आंबा, जांभूळ आणि ऐन. जांभळावर तात्यांनी बसूच दिलं नाही. "जांभळाची फांदी कवा दगा देईल सांगता येत न्हाई. पोरं पडत्यात ती जांभळावरनंच," म्हणाले. आंबा मजबूत, पण बुंधा दोन माणसांच्या कवेत न मावणारा आणि पहिली फांदी वाकडी. ऐन सरळ वाढतो, लाकूड कठीण, आणि त्याच्या सालीला मगरीच्या पाठीसारख्या खोल भेगा असतात, त्यामुळं आवळलेला पट्टा घसरत नाही. आमचा ऐन छातीच्या उंचीला दीडेक फूट जाडीचा आहे. बुंध्यावर कुजलेली ढोली नाही, वर वाळकी फांदी नाही, आग्या मोहोळ नाही, हे दिवसाउजेडी नीट बघून घेतलं. वाळकी फांदी वर लटकत असेल तर तिच्याखाली कितीही चांगली बैठक बांधली तरी तिथं बसू नये.

खिळा एकही मारायचा नाही हे पहिल्यापासून ठरलेलं. खिळ्याच्या भोकातून झाडात कूज शिरते, आणि हिरव्या लाकडातला खिळा भारानं हळूहळू सैल होतो. झाडाला जपलं तर झाड आपल्याला जपतं असं आई म्हणते, आणि इथं तर ते शब्दशः खरं आहे.

सांगाडा उद्यमनगरात करून घेतला. कोल्हापूरच्या माणसाला हे सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो: शिवाजी उद्यमनगरात डोक्यात असलेली कुठलीही लोखंडी वस्तू कागदावर काढून न्या, संध्याकाळपर्यंत करून मिळते. मी एक इंची चौकोनी पाइपचा सांगाडा सांगितला. बसायची चौकट २० इंच रुंद, १६ इंच खोल. त्याला मागं २४ इंचाची पाठ, थोडी कललेली. कारागिराला मुख्य गोष्ट समजावून सांगावी लागली ती खालच्या तिरक्या टेक्याची. बैठक बुंध्याला चिकटून पुढं लोंबते, तेव्हा माणसाच्या वजनानं वरचा भाग झाडापासून बाहेर ओढला जातो आणि खालचा भाग झाडावर दाबला जातो. म्हणून वरच्या टोकाला पट्ट्यानं बुंध्याला कवटाळायचं आणि खालच्या टोकाला तिरका टेका द्यायचा. वजन जितकं जास्त, तितका टेका बुंध्यावर घट्ट बसतो. टेक्याच्या टोकाला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच करून घेतली आणि तिला जुन्या टायरचा तुकडा लावला, म्हणजे साल सोलत नाही. पट्टे ट्रकवाले माल आवळायला वापरतात ते, रॅचेटचे, म्हणजे दांडा मागंपुढं करून आवळायचे. वर एक, खाली एक.

आता विणकाम. यात मी सगळ्यात जास्त वेळ घातला आणि त्याचं समाधानही तेवढंच आहे. सुंभ घरात होता, पण दवानं ओला होताना आणि वाळताना सुंभाचा ताण बदलत राहतो, आणि तो विजारीतूनही टोचतो. सुती नवार अंगाला चांगली, पण आमच्याकडच्या दवात ती आठवड्यात कुबट होते. शेवटी कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतून नायलॉनची नवार पट्टी आणली. ती फारसं पाणी पीत नाही, लवकर वाळते. बाज विणताना पायगताची, म्हणजे पायांकडची, बाजू सैल ठेवून दावणीच्या दोरीनं ताण देतात. इथं मी उलटा हिशोब केला: पुढची कड बेताची ताणलेली आणि मागची, जिथं बुडाची हाडं टेकतात ती जागा, बोटभर सैल. त्यामुळं माणूस आपोआप मागं बसतो आणि पाठ टेकते. पुढं घसरत नाही.

मांडीखालची कड हा सगळ्या झाडावरच्या बैठकींचा खरा शत्रू. गुडघ्याच्या मागं नसा आणि रक्तवाहिन्या अगदी वर असतात. तिथं कडक कड दाबली की पाय बधिर होतो, आणि बधिर पायानं शिडी उतरणं हे झाडावर चढण्यापेक्षा धोक्याचं. मी पुढच्या पाइपवर पाणी तापवायच्या यंत्रांच्या नळ्यांना लावतात तशी फोमची नळी चढवली आणि वरून सायकलची ट्यूब गुंडाळली. चौकट बसवताना मागची बाजू पुढच्यापेक्षा इंचभर खाली ठेवली. आणि पाय लोंबकळू नयेत म्हणून खाली पायटेकणं जोडलं. माझं माप, खुर्चीवर बसून जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या वळणापर्यंत, १७ इंच. पायटेकणं त्याहून थोडं वर, १६ इंचावर. पाय टेकले की मांडीवरचा भार बराच हलका होतो. पैसे कमी असतील तर पाठ सोडा, पण पायटेकणं सोडू नका.

वर चढवायच्या आधी बैठक अंगणातल्या नारळाला बांधली, पायटेकणं जमिनीपासून फूटभर वर राहील अशी. रोज संध्याकाळी जेवणानंतर तिच्यावर बसायचो, शेजारी रेडिओ. कुठं काय दुखतं ते बघायचो. पाठीची चौकट खांद्याच्या हाडाला लागत होती, ती दोन इंच खाली घेतली. बायको, आई, तात्या, सगळ्यांना बसवून बघितलं. आईनं आल्या आल्या सांगितलं, "हाताला टेकायला काय न्हाई रं," आणि खरंच, हात मांडीवर ठेवून खांदे लवकर भरून येतात. मग दोन्ही बाजूंना हाताच्या पट्ट्या ओढल्या, नुसत्या नवारीच्या, लोखंड न घालता. अंगणातल्या या बसण्यानं जे कळलं ते कुठल्याही मापानं कळलं नसतं.

भार तपासला तो सिमेंटच्या तीन गोण्यांनी. प्रत्येकी ५० किलो, म्हणजे दीडशे किलो, माझ्या दुपटीहून जास्त. ऐनावर १२ फुटांवर बैठक आवळून, गोण्या दोरानं वर ओढून ठेवल्या आणि रात्रभर तशाच सोडल्या. सकाळी पट्टे पुन्हा आवळले, वेल्डिंगचा प्रत्येक सांधा हातानं चाचपला. त्याशिवाय त्यावर कुणालाही बसू दिलं नसतं. उंची १२ फूटच का, तर गव्याच्या शिंगापासून ते पुरेसं वर आहे आणि त्याहून वर गेल्यानं राखणीचा काही फायदा होत नाही, पडण्याचा धोका मात्र फुटाफुटानं वाढतो.

सुरक्षा पट्ट्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण गावात लोक याला नाक मुरडतात. उंच इमारतीवर काम करणारे मजूर घालतात तो पूर्ण अंगाचा पट्टा घ्यावा, खांद्यावरून आणि मांड्यांतून जाणारा. नुसता कमरेचा घेऊ नये. त्यात माणूस लटकला तर पट्टा पोटावर चढतो आणि श्वास कोंडतो. पट्ट्याची दोरी डोक्याच्या वर बुंध्याला बांधावी आणि बसल्यावर तिच्यात जेमतेम ढील असावी, म्हणजे घसरलो तरी पडणं हातभराचंच होतं. पट्ट्यात नुसतं लटकून राहणंही वाईट. हालचाल न करता लटकलेल्या माणसाचं रक्त पायात साचतं आणि थोड्या वेळात शुद्ध जाऊ शकते. म्हणून पट्ट्याला पायात अडकवायचा एक दोराचा फास बांधून ठेवलाय, लटकलो तर त्यात पाऊल देऊन उभं राहता येतं. आणि पट्टा जमिनीवरच घालायचा. बहुतेक माणसं पडतात ती चढता-उतरताना, म्हणून शिडीच्या शेजारून वरपासून खालपर्यंत एक दोर सोडलाय आणि पट्ट्याची दोरी त्यावर सरकत्या गाठीनं (हातानं सरकते, झटका बसला की आवळते) लावली की पूर्ण चढणीत माणूस बांधलेला राहतो. शिडी चिव्याची, म्हणजे बांबूची, वर आणि खाली दोन्हीकडं झाडाला बांधलेली. हातात काही घेऊन चढायचं नाही. बॅटरी, चहाचा थर्मास, डबा सगळं पिशवीत घालून मागून दोरीनं ओढायचं.

बैठक शांतही पाहिजे. जिथं लोखंडाला लोखंड लागतं तिथं ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या. रॅचेटची मोकळी टोकं वाऱ्यानं फडफडतात, ती गाठ मारून खोवली. नायलॉन थंडीत गार पडतं, म्हणून वर घोंगडं चौपदरी घालून बसतो. दव पडलं तरी घोंगड्याची ऊब जात नाही, हे धनगरांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. गव्याचं नाक तिखट. वारा रानातून शेताकडं वाहत असेल तर तो जवळ येईपर्यंत त्याला आपला सुगावा लागत नाही. उलट वारा असेल तर पुष्कळदा तो कडेवरूनच परततो, आणि राखणदाराला तेच हवं असतं. म्हणून बैठकीचं तोंड रानाकडं आहे आणि झाड शेताच्या रानाकडच्या बांधावर.

गवा आल्यावर काय करायचं याचाही नेम आहे. आधी बॅटरी, मग डबा, आणि थांबून वाट बघायची. गव्याला निसटायला रानाकडची बाजू मोकळी राहिली पाहिजे. त्याच्यामागं धावणं, दगड मारणं, कुत्री सोडणं यानं तो बिथरतो आणि कुठं शिरेल सांगता येत नाही. तारेत घरातला करंट सोडणारे लोक आहेत. त्यात गवा मरतो आणि माणूसही मरतो, दोन्ही मी सहन करू शकत नाही. कळप हलेना तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा. नुकसान झालं तर पंचनाम्यासाठी ताबडतोब कळवायचं आणि पंचनामा होईपर्यंत पीक तसंच ठेवायचं.

एप्रिल-मेमध्ये बैठक खाली असते. वळवाचा पाऊस सांगून येत नाही, आणि विजा चमकत असताना एकट्या उंच झाडावर, वर लोखंडाच्या चौकटीत बसायचा प्रश्नच येत नाही. त्या काळात पट्टे सोडून घरात ठेवतो. उन्हानं नायलॉनचे धागे ठिसूळ होतात, आणि वर्षभर आवळलेला पट्टा वाढत्या बुंध्यात रुततो. पुन्हा लावताना पट्ट्यावर कुठं धागा विसकटलाय का बघायचं. विसकटला असेल तर टाकून द्यायचा.

सध्या दुसऱ्या बैठकीचं काम सुरू आहे, तात्यांसाठी. त्यांचं शेत ओढ्यापलीकडं आहे आणि सत्तरीतही राखणीला तेच जातात, दुसऱ्याला जाऊ देत नाहीत. शिडी चढणं त्यांना नको, म्हणून बैठक झाडावर न बांधता चार वाशांच्या माळ्यावर बसवणार, सहा फुटांवर, रुंद पायऱ्यांची, दोन्हीकडं कठडा असलेली. ओढ्याच्या बाजूनं गवे उतरत नाहीत, तिथं डुकरांचाच त्रास, त्यामुळं एवढी उंची पुरते. तात्यांच्या गुडघ्यामागचं माप १५ इंच भरलं, पायटेकणं १४ वर येईल. उजवा गुडघा पूर्ण वाकत नाही, म्हणून पायटेकण्याची उजवी बाजू चार इंच पुढं सरकवायला सांगितली आहे. पाठ माझ्यापेक्षा जास्त कललेली. उद्यमनगरातला कारागीर कागद बघून म्हणाला, "ह्ये काय, दोन्ही पाय एका रेषेत न्हाईत." मी तात्यांनाच घेऊन गेलो आणि त्याच्या दुकानातल्या स्टुलावर बसवून दाखवलं. त्यानं खडूनं जमिनीवर दोन्ही टाचांच्या खुणा केल्या आणि त्याप्रमाणं पाइप कापायला घेतला.